मास्तरांच्या कोटाची पुढची बाजू

मास्तर आरशाकडे पाठ करून उभे होते आणि मान जमेल तितकी मागे वळवून स्वतःची पाठ न्याहाळत होते. काळा लांब कोट खांद्यांवर असा बसला होता, की खांदेच कोटाच्या मापाने घडवले असावेत असं वाटावं. मागच्या दोन्ही शेपट्या गुडघ्यापर्यंत सरळ उतरल्या होत्या. सुरकुती म्हणून औषधालासुद्धा सापडली नसती.

"शेपट्या सारख्या आहेत ना गं?" मास्तरांनी विचारलं.

"शेपट्या सारख्याच आहेत. मान मात्र एखाद्या दिवशी तशीच राहील," बायको म्हणाली. "कधी तरी आरशात पुढूनही बघावं माणसानं."

"पुढून काय बघायचंय? पुढून मला बघतंय कोण?"

तेही खरंच होतं. मास्तर थिएटरातला वाद्यवृंद चालवायचे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे लोकांच्या आवडीची गाणी व्हायची. थिएटरचा नियम असा, की गाणी कितीही हलकीफुलकी असली तरी कपडे भारदस्त हवेत. उंदरानं मांजरीला मागणी घातल्याचं गाणं असलं तरी ड्रम वाजवणाऱ्याच्या गळ्यात काळा बो असायचा. प्रेक्षकसुद्धा ठेवणीतले कोट आणि झगे घालून यायचे. आणि या सगळ्या थाटाच्या मधोमध, छोट्या चौथऱ्यावर, हातात छडी घेऊन मास्तर उभे राहायचे. तोंड वाजवणाऱ्यांकडे आणि पाठ प्रेक्षकांकडे. सगळं रामायण त्या पाठीनंच घडवलं.

कोट शिवला होता मास्तरांच्या मेहुण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ शिंपी होता. हात सोन्याचा, पण तोंडात सतत टाचण्या, त्यामुळे तो बोलायला लागला की समोरच्याच्याच जिवाला घोर लागायचा. मास्तरांना नोकरी लागली तेव्हा त्यानं उत्तम कापड आणून हा कोट शिवून दिला. पुढे त्या कापडाची गिरणी बंद पडली. मास्तरांचं पोट मात्र चालूच राहिलं.

पहिल्यांदा कोट घट्ट झाला तेव्हा मेहुण्यानं पाठीवर हात फिरवून पाहिला. "दाजी, पाठीत कापड घालावं लागेल."

"घाल की मग."

"या जातीचं आता मिळत नाही. दुसरं काळं घातलं, तर दिव्यांच्या उजेडात हिरवं दिसेल." मेहुणा थोडा वेळ टाचण्या या गालातून त्या गालात फिरवत राहिला. "पुढून काढून मागे लावू का? पुढून तुम्हाला कोण बघतंय?"

मास्तरांना ते पटलं. एकदा पटलं ते कायमचंच पटलं. पोट वाढायचं, पाठ उसवायची आणि मेहुणा पुढच्या बाजूचा एक घास काढून मागे भरायचा. असं करता करता पाठ भरदार राहिली आणि पुढे खांद्यांपासून लोंबणाऱ्या दोन पट्ट्या तेवढ्या उरल्या. त्या पोटावरून नाडीनं बांधलेल्या असायच्या. शर्टाचंही तसंच झालं. उरली ती एक कडक कॉलर, त्यावर बो, आणि मनगटांवर बांगड्यांसारखे दोन पांढरे कफ.

आता थिएटरात चौथऱ्याच्या नेमकं वर थंड हवेच्या यंत्राचं तोंड होतं. छाती उघडी म्हटल्यावर मास्तरांना खोकला धरला. तेव्हा बायकोनं लाल लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला आणि हौसेनं त्याच्या पोटावर एक धावतं हरीण काढलं. विणताना कुठे तरी टाके चुकले. शिंगं वर जायची ती बाजूला पडली आणि त्यांचे कान झाले. तालमीच्या दिवशी ड्रमवाला म्हणाला, "मास्तर, गाढव झकास आहे."

"हरीण आहे ते," मास्तर म्हणाले. घरी त्यांना तसं स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

त्यानंतर या विषयावर कुणी वाद घातला नाही. पण डोळे काय मिटता येतात? मास्तरांनी श्वास भरून दोन्ही हात वर केले की पोट फुगायचं, स्वेटर ताणला जायचा आणि ते जनावर चौखूर उधळायचं. हात खाली आले की बिचारं पाय जवळ घेऊन उभं राहायचं. वाजवणारे ते बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. बासरीवाले तर मुळातच हसऱ्या स्वभावाचे, भल्या मिशांचे गृहस्थ. त्यांच्या फुंकेत हसू मिसळायचं आणि सुराला एक कंप यायचा. प्रेक्षक म्हणायचे, "काय गोड कंप आहे हो! आणि कसे रंगून वाजवतात बघा. एकाचंही तोंड सुतकी नाही."

खरी अडचण कार्यक्रम संपल्यावर यायची. टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या पडल्या की वळून वाकायचं असतं. मास्तरांना वळण्याची सोय नव्हती. मग ते डावा हात वाजवणाऱ्यांकडे करायचे, म्हणजे 'श्रेय यांचं' अशा अर्थी, आणि पाठ प्रेक्षकांकडेच ठेवून खेकड्यासारखे आडवे आडवे चालत पडद्याआड जायचे. लोकांनी याचा भलताच अर्थ लावला. "इतका मोठा माणूस, पण टाळ्या घ्यायला कधी वळत नाही. विनम्रता म्हणतात ती ही." बघता बघता मास्तरांचं नाव झालं. दुसऱ्या थिएटरांतले वाद्यवृंद चालवणारेसुद्धा आडवे चालू लागले. त्यांचे कोट पुढूनही धड होते, तो भाग वेगळा.

मास्तरांना मात्र एक गोष्ट आतून खात होती. एकदा जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "टाळ्या कशा दिसतात गं?"

"दिसतात म्हणजे? हात हलतात."

"ते झालंच. पण तोंडं कशी असतात माणसांची, टाळ्या वाजवताना?"

बायकोनं घास खाली ठेवला. दर शनिवारी ती पहिल्या रांगेत बसायची आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायची. "तोंडं काय सांगून कळतात का? एकदा वळून बघा."

"या अवतारात? नाव धुळीला मिळेल."

आणि ते पुन्हा पानात बघून जेवू लागले. इतक्या वर्षांच्या टाळ्या सगळ्या पाठीवर पडल्या होत्या. समोरून एकही नाही.

एके दिवशी तालमीनंतर थिएटरचे मॅनेजर हात चोळत आले. हात चोळत आलेला मॅनेजर काही तरी ठरवूनच आलेला असतो, हे मास्तरांना अनुभवानं माहीत होतं.

"मास्तर, या शनिवारी तुमचा सत्कार."

"कशाबद्दल?"

"विनम्रतेबद्दल. सोनेरी बाई येणार आहेत सत्काराला."

सोनेरी बाई म्हणजे फार मोठ्या गायिका. पायघोळ सोनेरी झगा घालून गायच्या, म्हणून लोकांनी हे नाव दिलं होतं. गाणं संपलं की त्या प्रेक्षकांकडे बघत उलट पावली मागे मागे जायच्या. प्रेक्षकांना पाठ दाखवणं हा त्यांचा अपमान, असं त्यांचं मत असल्याचं सगळे सांगत.

"जोडी बघा कशी जमलीय," मॅनेजर म्हणाले. "त्या कधी पाठ दाखवत नाहीत, तुम्ही कधी तोंड दाखवत नाही. सत्काराच्या वेळी मात्र तुम्ही वळायचं."

"वळायलाच हवं का? सत्कार पाठीमागून नाही होणार?"

"मास्तर, बाहेर फलक लागलाय."

मास्तर बाहेर जाऊन बघून आले. दारावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या शनिवारी प्रथमच! मास्तर वळणार.' खाली तिकिटांच्या खिडकीवर रांग लागली होती.

घरी आल्या आल्या मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "त्यात काय एवढं? नवा कोट शिवायचा. दादाला आत्ता निरोप धाडते." भाऊ धाकटा असला तरी ती त्याला दादाच म्हणायची. तिनं निरोप धाडला: दाजींना ताबडतोब नवा कोट हवा, हातातलं सगळं बाजूला ठेव, शिवण नेहमीसारखी चोख हवी.

मेहुण्यानं खरोखर हातातलं सगळं बाजूला ठेवलं. शनिवारी दुपारी तो कोट घेऊन दारात हजर झाला. डोळे तारवटलेले, केसांत दोरे अडकलेले, पण चेहऱ्यावर समाधान. कोट उलगडून त्यानं पलंगावर पालथा घातला. पाठ अशी देखणी, की मास्तरांना गहिवरून आलं. मग बायकोनं कोट उलटा केला.

पुढे काही नव्हतं. पट्ट्यासुद्धा नव्हत्या. दोन बाह्यांच्या मध्ये पलंगावरची चादर दिसत होती.

"दादा, पुढची बाजू कुठंय?"

"पुढची?" मेहुण्यानं तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. असं तो फक्त गंभीर प्रसंगी करायचा. "पुढची कधीपासून लागायला लागली? ताई, तूच म्हणालीस, नेहमीसारखी शिवण."

"अरे, आज ते वळणार आहेत."

मेहुण्यानं दाजींकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. "हे आधी सांगायचं. मी तर नाडीही वाचवली."

संध्याकाळ व्हायला आली होती. भाड्यानं कोट देणाऱ्या दुकानात मास्तरांच्या मापाचा एकच लांब कोट होता, तो निघाला थिएटरच्या निवेदकाच्या अंगावर, याच कार्यक्रमासाठी. वाजवणारे सगळे काटकुळे, त्यांचे आखूड कोट मास्तरांच्या एका दंडालाही पुरले नसते. शेवटी मास्तरांनी जुनाच कोट चढवला. त्याला निदान पट्ट्या तरी होत्या.

थिएटरात पोचल्यावर व्हायोलिनवाल्या मावशींनी धीर दिला. मावशी वाद्यवृंदात सगळ्यांत जुन्या, आणि त्यांच्या डोक्यात उपाय तयार असायचा. "मास्तर, काळजी सोडा. मी फुलांचा गुच्छ मागवलाय, हत्ती झाकेल एवढा. वळायच्या आधी तो हातात घ्यायचा, पोटाशी धरायचा आणि मग वळायचं. बासरीवाल्यांनाही सांगून ठेवलंय, हसायचं नाही."

"मी कुठे हसतो?" बासरीवाले हसत म्हणाले.

कार्यक्रम झकास झाला. मास्तर धास्तावलेले होते, त्यामुळे श्वास जोरात चालला होता आणि हरीण कधी नव्हे इतकं उधळलं होतं. गाणी एकाहून एक चढत गेली. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि सवयीनं मास्तरांचा डावा पाय खेकड्याच्या चालीनं बाजूला गेलासुद्धा. मावशींनी व्हायोलिनच्या गजानं तो अडवला.

तेवढ्यात मॅनेजर पडद्याच्या कडेशी आले. त्यांच्या हातात गुलाबाचं एक फूल होतं.

"गुच्छ कुठंय?" मावशी कुजबुजल्या.

"तो कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला. विनम्रतेचा सत्कार आणि एवढा मोठा गुच्छ, शोभतं का? एक फूल. साधं. मास्तरांना साजेसं."

मावशींच्या डोक्यात दुसरा उपाय तयार नव्हता. ही तशी पहिलीच वेळ.

पलीकडच्या बाजूनं सोनेरी बाई आल्या. प्रेक्षकांकडे तोंड करून, हसत, एक एक पाऊल आडवं टाकत. केसांचा उंच मनोरा, झग्यावर दिव्यांचा झगमगाट. मास्तरांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती चाल दिसली आणि कुठे तरी पाहिल्यासारखी वाटली.

निवेदक भाड्याच्या कोटात खणखणीत आवाजात म्हणाला, "रसिकहो, ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो तो आला आहे. मास्तर आता वळतील."

मास्तर वळले नाहीत.

थिएटर शांत झालं. मग कुणी तरी टाळी वाजवली, मग दहा जणांनी, मग सगळ्यांनी. "बघा," निवेदकाचा आवाज भरून आला, "सत्काराच्या क्षणीसुद्धा वळवत नाही त्यांना." टाळ्या आणखी वाढल्या. सज्जातून कुणी तरी ओरडलं, "मास्तर, वळा." खालून साथ मिळाली. "वळा, मास्तर, वळा." जितके ते वळेनात, तितकी त्यांची विनम्रता लोकांना मोठी वाटू लागली, आणि जितकी मोठी वाटू लागली, तितकी त्यांनी वळण्याची मागणी वाढू लागली. यातून सुटायला वाट नव्हती. घाम कॉलरीतून खाली उतरला. पोट थरथरू लागलं.

पोट थरथरलं तसं हरीण थरथरलं. हरीण थरथरताना बघून ड्रमवाल्याच्या काड्या आपोआप चालू लागल्या आणि ड्रमचा थरथराट सुरू झाला. त्यामागून बासरी लागली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. सगळे खुर्चीच्या कडेवर आले.

सोनेरी बाईंनी माइक हातात घेतला. "ते माझ्याकडे वळत नसतील, तर मीच त्यांच्यासमोर जाते," त्या म्हणाल्या, आणि आडव्या पावलांनी चौथऱ्याला वळसा घालून मास्तरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. तोंड मास्तरांकडे, म्हणजे प्रेक्षकांकडेही. पाठ वाजवणाऱ्यांकडे.

बासरीतून अशी एक शीळ निघाली, जी आजवर कुणी कुठल्या गाण्यात घातली नसेल. ड्रमवाल्याची एक काडी खाली पडली. सोनेरी झगा पाठीमागे मानेपासून कमरेपर्यंत वीतभर उघडा होता. मधलं अंतर बुटांच्या नाड्यांनी आवळून बांधलं होतं, नाडी पुरली नाही तिथे सेफ्टी पिना, आणि सगळ्यांत खाली कपडे वाळत घालायचा एक चिमटा. आतून करड्या लोकरीची गरम बंडी डोकावत होती.

बाईंना मागचं दिसत नव्हतं. त्या मास्तरांच्या पुढच्या बाजूकडे बघत होत्या. पट्ट्या, नाडी, कॉलर, कफ, सगळं त्यांनी सावकाश बघितलं. मग माइकवर हात ठेवला.

"मास्तर, गाढव छान आहे."

"हरीण आहे ते," मास्तर म्हणाले. प्राण कंठाशी आले होते, तरी सवय सुटत नाही.

"असेल. तुमच्या लोकांना म्हणावं हसू नका. माझी पाठ दिसतेय त्यांना."

"काय झालंय पाठीला?"

"तुमच्या पोटाला झालंय तेच. हे सोनेरी कापड आता मिळत नाही. मी वाढले, झगा वाढेना."

मास्तर कुजबुजले, "म्हणजे तुम्ही जे कधी पाठ दाखवत नाही..."

"आणि तुम्ही जे कधी वळत नाही. लोक काय म्हणतात तुम्हाला?"

"विनम्र."

"मला म्हणतात, प्रेक्षकांचा मान राखणारी. असू दे, चांगलंच म्हणतात." बाईंनी प्रेक्षकांकडे बघून एक गोड हसू फेकलं आणि पुन्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता नीट ऐका. मी तुमच्या बाजूनं पुढे जाते. मी निघाले की तुम्ही जागच्या जागी वळायचं आणि मला चिकटून मागे उभं राहायचं. तुमचं पोट माझ्या पाठीला, माझी पाठ तुमच्या पोटाला. दोघांचंही झाकलं जातं."

"आणि ताल चुकला तर?"

"तर दोघंही गेलो. चुकवू नका. इतकी वर्षं छडी कशाला हलवताय?"

बाईंनी पायानं ठेका दिला आणि त्या पुढे सरकल्या. त्याच क्षणी मास्तर बिजागरीवर दार फिरावं तसे फिरले. पोट आणि पाठ एकमेकांना भिडली. एक सेफ्टी पिन हरणाच्या कानाला टोचली, पण दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मास्तर वळले होते.

थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या अशा उसळल्या की वरच्या दिव्यांची काच वाजली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडून टाळ्यांकडे बघितलं, आणि त्यांना दिसला सोनेरी बाईंच्या केसांचा मनोरा. ऐन नाकासमोर. त्यांनी मान डावीकडे काढली. पहिल्या रांगेतल्या एका भारदस्त गृहस्थांनी खुर्चीखाली बूट काढून ठेवले होते आणि मोज्यातून त्यांचा अंगठा मोकळी हवा खात होता. मान उजवीकडे काढली. दोन हात दिसले, टाळ्या वाजवून लाल झालेले. हात ओळखीचे होते, बायकोचे. पण तोंड मनोऱ्यामागे राहिलं. आणखी मान काढायची तर पोट सुटलं असतं.

"पाहिलंत?" निवेदक आता खरोखरच रडत होता. "वळले, पण तेही बाईंच्या मागे उभे राहून."

मॅनेजरांनी पुढे केलेलं गुलाबाचं फूल बाईंनी घेतलं आणि मागे हात करून मास्तरांना दिलं. ते खोचायला मास्तरांच्या कोटाला काजच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते कॉलरीत अडकवलं. मग आगगाडीच्या दोन डब्यांसारखे दोघं जोडून आडवे आडवे चालत पडद्याआड गेले. तिथे मेहुणा उभा होता. त्यानं बाईंची पाठ बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "पुढून थोडं काढता येईल."

"खबरदार," बाई आणि मास्तर एकदमच म्हणाले.

मेहुण्याला मात्र केलेल्या चुकीची रुखरुख लागली होती. पुढच्या शनिवारपर्यंत त्यानं नव्या कोटाला पुढची बाजू शिवली. बटणं, खिसा, काज, सगळं जिथल्या तिथे. मास्तरांनी बटणं लावली आणि चौथऱ्यावर ताठ उभे राहिले. आज वळायचं, मोकळेपणी वळायचं आणि बायकोचं तोंड बघायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. छडी उचलली.

आणि गाणं लंगडू लागलं. ड्रमवाला पुढे पळाला, व्हायोलिनं मागे राहिली, बासरीवाल्यांचा सूर गव्हर्नरच्या भेटीला आल्यासारखा सरळ आणि कोरडा लागला. सगळ्यांची तोंडं गंभीर. शेवटी मास्तर वळले, छाती पुढे काढून वाकले. टाळ्या पडल्या, पण चुकार सरींसारख्या, इकडे थोड्या, तिकडे थोड्या. बायकोसुद्धा कपाळाला आठ्या घालून विचार करत बसली होती. बूट काढलेले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, आणि ते मास्तरांना स्पष्ट ऐकू आलं, "एकदा सत्कार झाला की माणसं बदलतात."

पडद्याआड मास्तर वाजवणाऱ्यांवर घसरले. "ताल कुठे गेला होता आज सगळ्यांचा?"

सगळे आपापली वाद्यं पुसू लागले. शेवटी मावशींनी विचारलं, "मास्तर, गाढव कुठंय?"

"हरीण. कोटाच्या आत आहे. त्याचं काय?"

"ते दिसल्याशिवाय आम्हाला ताल कळत नाही."

मास्तरांनी हातातली छडी वर धरली. "मग माझी छडी?"

"छडी असते की," ड्रमवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "हातात असते तुमच्या."

त्याच आठवड्यात सोनेरी बाईंनी निवेदकाच्या हाती मास्तरांसाठी एक छोटा गोल आरसा पाठवला, आणि वर तोंडी निरोप: मी हा पाठ बघायला वापरते, तुम्ही टाळ्या बघायला वापरा. मावशींनी तो आपल्या स्टँडला, मास्तरांच्या अगदी समोर, बांधून टाकला.

शनिवारी मास्तर जुना कोट घालून चौथऱ्यावर चढले. नाडी बांधली, श्वास भरला, हात वर केले. हरीण चौखूर उधळलं, बासरीला कंप आला आणि मागे प्रेक्षकांतून "अहाहा" ऐकू आलं. शेवटचं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मास्तरांनी डावा हात वाजवणाऱ्यांकडे केला आणि आरशात बघितलं.

आरशात आधी दिसलं स्वतःचं पोट. घरी आरशात कायम पाठच बघितलेली, आणि मान खाली घालून बघितलं तर जनावर उलटं दिसायचं. आज ते पहिल्यांदाच समोरून, सरळ दिसलं. मास्तरांनी नीट निरखून बघितलं. कान बघितले. पुन्हा बघितले. संशयाला जागाच नव्हती.

मग त्यांनी मान जराशी कलती केली, आणि आरशात, खांद्यावरून, पहिली रांग दिसली. तिथे बायको टाळ्या वाजवत होती. ओठ दुमडलेले, हनुवटी वर, डोळे भरलेले, आणि जगातला दुसरा कुणी माणूस नसल्यासारखी ती त्यांच्या पाठीकडे बघत होती.

मास्तर त्या दिवशी आडवे चालत पडद्याआड जायला फार वेळ लावत होते. लोक म्हणाले, वयाबरोबर आणखीच विनम्र झाले.

घरी जाताना बायकोनं विचारलं, "मग? दिसलं का काही आरशात?"

"तू दिसलीस."

"कशी?"

"ते सांगून कळत नाही."

ती थोडी चालली. मग म्हणाली, "आणखी काय दिसलं?"

मास्तरांनी कोटाच्या दोन्ही पट्ट्या पोटावर ओढून घेतल्या.

"हरीण," ते म्हणाले.